घराघरातले फोटो काढायचेत

“सबनीसबाई, मी बोललो आणि समोरच्याला कळलं नाही, असं आजवर झालेलं नाही,” जीपच्या पुढच्या सीटवरून मागं वळून मी म्हणालो. “लग्नात दोनशे वऱ्हाडी असतात, त्यातले शंभर रुसलेले. तरी मी एकदा सांगितलं की सगळे रांगेत उभे. बोरजाईवाडीत तुम्हाला सगळं तयार मिळेल.”

सबनीसबाई मागं कॅमेऱ्याचा स्टँड मांडीवर घेऊन बसल्या होत्या. रस्ता असा होता की दर खड्ड्याला स्टँडचं टोक त्यांच्या हनुवटीला भेटून येई. बाई लोकजीवनाच्या अभ्यासक. खेड्यातल्या घरांत भिंतीवर फोटो लावलेले असतात, मेलेले आजे, देव, लग्नातली जोडपी, त्यांच्यावर त्यांची संस्था पुस्तक करत होती. लिहायचं बाईंनी, फोटोचं काम माझं.

“मला फक्त एकच सांगायचंय, खांबेटे,” बाई म्हणाल्या. “भिंत जशी आहे तशी हवी. कोणता आजा देवाच्या शेजारी आहे, कोणता दारामागं, त्यातच सगळा अर्थ आहे. एक फ्रेम जरी हलली तरी ते गाव बाद.”

बाई गावं बाद करण्यात पटाईत होत्या. एक गाव दिवाळीचा रंग दिल्यामुळं बाद झालं होतं, दुसरं एका घरी नवी ट्यूबलाइट लावल्यामुळं. बोरजाईवाडी शेवटचं. हेही बाद झालं तर बाई पुण्याहून दुसरा फोटोग्राफर आणणार होत्या, आणि मी परत विट्याला जाऊन नवरदेवाच्या तळहातावर नवरी उभी करणार होतो. तसले फोटो मी बारा वर्षं केले होते. तळहातावरची नवरी बघितली की आता मलाच घाम फुटायचा.

म्हणून आदल्या बुधवारी मी स्वतः एस.टी.नं जाऊन सरपंचांना भेटून आलो होतो. चिठ्ठी नाही, निरोप्या नाही. समोरासमोर, मराठीत.

सरपंच ज्योतिराम कोळेकर वेशीवरच उभे होते. टोपीला कडक इस्त्री, आणि चेहऱ्यावर मोहीम फत्ते करून आलेल्या माणसाचं तेज.

“या सायेब. तुमच्या शब्दाबाहेर गाव न्हाई. कालच समदं उरकलं.”

“काय उरकलं?”

“फोटो काढलं की.”

मला वाटलं, पुण्याचा फोटोग्राफर आधीच पोचला. “कुणी काढले?”

“ज्यानं त्यानं आपापल्या घरातलं काढलं. म्हाताऱ्याकोताऱ्यांस्नी वर चढाय येईना, त्यांचं कोतवालानं काढलं. बिचारा एका घरी शिडीवरनं पडला, पर फोटो सोडला न्हाई.”

शिडी हा शब्द ऐकल्यावर मी वेशीजवळच्या पहिल्या घरात घुसलो. सोप्याची भिंत चुलीच्या धुरानं काळी झालेली. त्या काळ्यावर ओळीनं सहा पांढरे स्वच्छ चौकोन, आणि प्रत्येक चौकोनाच्या डोक्यावर एकेक खिळा. बस. भिंतीवर तेवढंच होतं.

“भिंतीवरून काढले?” मी म्हणालो.

“मग आनि कुठनं काढायचं?”

सबनीसबाई माझ्या मागं येऊन उभ्या राहिल्या. “खांबेटे, तुम्ही यांना नक्की काय सांगितलं होतंत?”

“हेच की पुढच्या बुधवारी येतो, घराघरातले भिंतीवरचे सगळे फोटो काढायचेत, एकही राहता कामा नये.”

“आन् आमी एकबी ठिवला न्हाई,” सरपंच म्हणाले. “दोनदा दवंडी दिली.”

“काढायचेत म्हणालात?” बाई म्हणाल्या.

“मग काय म्हणणार? फोटो काढतातच ना? आपल्या भाषेत दात काढतात, कर्ज काढतात, दुसऱ्याची लायकी काढतात, फोटोही काढतात. मी काय वेगळं क्रियापद घरून करून आणू?”

“टिपायचेत म्हणायचं.”

“टिपायचेत म्हटलं असतं तर यांनी फडकं घेऊन टिपले असते.”

“त्ये बी केलंय,” सरपंच म्हणाले. “राखुंडीनं काचा घासल्या, पान्यानं धुतल्या आन् टिपून ठिवल्या. चला, साळंत लावल्यात. तुमाला घरोघर फिराय नको.”

शाळेला त्या दिवशी सुट्टी दिली होती. वर्गात सतरंजीवर गावातले सगळे फोटो मांडलेले. एका भिंतीला टेकून आजे, समोरच्या भिंतीला आज्ज्या, मधे जोडपी, आणि देव मास्तरांच्या खुर्चीवर. सरपंचांनी जातीनं लावून घेतलं होतं. कुठला आजा कुठल्या घरातला, ही बारीकशी गोष्ट तेवढी राहून गेली होती. काचेवर घरच्यांनी लावलेलं गंध होतं, कुणी चिकटपट्टीवर नाव लिहून डकवलं होतं, ते सगळं राखुंडीनं निघालं होतं. काचा मात्र लखलखत होत्या.

“बाद,” सबनीसबाई म्हणाल्या.

“बाई, एक संधी द्या. पांढरे चौकोन आहेत ना भिंतीवर? जो फोटो ज्या चौकोनात बसतो तिथं तो लावू. जशी होती तशी भिंत परत.”

“संध्याकाळी मी निघणार.”

“त्याच्या आत लावतो.”

पुन्हा दवंडी झाली. ‘आपापले फोटो घेऊन जावा आन् हुते तिथं लावा.’ या वेळी शब्द मी स्वतः कोतवालाला पाठ करून घेतले. त्याचा एक हात गळ्यात बांधलेला होता, दुसऱ्या हातानं तो हलगी वाजवत गेला. सारं गाव शाळेत लोटलं.

देव पटकन गेले. आज्ज्याही गेल्या, कारण आज्जीची नथ आणि लुगडं घरच्यांना बरोबर ओळखता येत होतं. घोळ झाला आज्यांचा. पूर्वी तालुक्याच्या जत्रेत एकच फोटोवाला तंबू ठोकायचा. त्याच्याकडं एक काळा कोट होता, एक फेटा आणि एक मनगटी घड्याळ. गडी तंबूत शिरला की त्याला कोट चढवायचा, फेटा ठेवायचा, घड्याळ बांधायचं आणि खुर्चीत बसवायचं. मिशा तेवढ्या ज्याच्या त्याच्या. त्या पिढीनं जन्मात एकदाच फोटो काढला, तो असा. भिंतीला टेकलेले सगळे आजे एकाच कोटात, एकाच फेट्यात माझ्याकडं बघत होते. घड्याळ बंद असावं, कारण झाडून सगळ्यांच्या मनगटावर चार वाजून वीस मिनिटं झाली होती.

“अख्खी पिढी चारशेवीस,” मी म्हणालो. कुणी हसलं नाही.

“ह्यो आमचा.”

“तुमचा कसा? कान बघ की. आमच्यात कान असंच.”

“कान फेट्याखाली हाय, तुला दिसला कुठनं?”

ओळख पटवायला गावातल्या सगळ्यात म्हाताऱ्या तात्यांना खुर्चीसकट उचलून आणलं. त्यांनी पहिला फोटो डोळ्यांजवळ धरला, बराच वेळ बघितला आणि म्हणाले, “ह्यो मी.” दुसराही तेच. तिसऱ्यालाही त्यांनी तितकंच लक्ष देऊन ‘मी’ ठरवला. त्यांना परत उचलून नेलं.

चौकोनांचाही उपयोग झाला नाही. फोटोवाला एक तसा फ्रेमवालाही एकच. सगळे चौकोन सारखे. कुठलाही आजा कुठल्याही घरात फिट बसत होता. लोक आपापल्या भिंतीपाशी आजा धरून बघत, बसला की खूश होत, मग शेजारच्याचाही तिथं बसतो हे कळलं की परत भांडत. काही जणांनी तर चेहरा बघून निवडायला सुरुवात केली. एका बाईनं आणलेला आजा परत केला आणि म्हणाली, “ह्यो नगं, रागीट दिसतो. पोरं भितील.”

ऊन कलायला लागलं. मी घरोघर पळत होतो. एका घरात सासरा लावला की दुसऱ्या घरातला उतरवलेला असे. सबनीसबाई पारावर बसून चहा पीत होत्या आणि मी समोरून धावत गेलो की शांतपणे म्हणत होत्या, “खांबेटे, बाद.”

शेवटी शाळेत दोन फोटो उरले आणि दोनच दावेदार. एक सरपंच. त्यांचे चुलते ग्यानबा कोळेकर, नावाजलेले पैलवान, सरपंचांच्या जन्माआधीच ऐन तारुण्यात लग्नाविना वारले. चुलत्याच्या नावावर सरपंच तीन निवडणुका जिंकले होते, पण तोंड त्यांनी फक्त फोटोतच बघितलेलं, आणि तेही गंध, हार आणि धुराच्या मागं. दुसरी अनसाबाई गलांडे. एकटी राहणारी, सत्तरीपुढची, चिपाडासारखी म्हातारी. तिचा नवराही फार पूर्वी वारलेला.

दोन फोटोंतला एक गडी भरल्या अंगाचा, कोटाची बटणं ताणलेली, तोंडावर हसू येऊ घातलेलं. दुसरा किडकिडीत, कोट हँगरला अडकवल्यासारखा, भुवया वर आणि नजर फोटोवाल्याच्या खिशावर असल्यासारखी. यातला पैलवान कोण हे कुणालाही सांगता आलं असतं. पण सरपंच यायच्या आत अनसाबाईनं भरल्या अंगाचा उचलला आणि चालू पडली. सरपंच तिच्या मागं, मी सरपंचांच्या मागं, गाव माझ्या मागं.

म्हातारी आपल्या दारात बसली. मागं काळी भिंत, भिंतीवर पांढरा चौकोन. फ्रेम तिनं दोन्ही हातांनी पोटाशी आवळून धरलेली.

“म्हातारे, त्यो आमचा चुलता हाय.”

“माजा मालक हाय.”

“तुजा मालक एवढा भरला हुता का कधी?”

“लगीन झालं तवा हुता. मागनं वाळला.”

“अगं, त्याचं दंड बघ.”

“कोटात दंड कुणाला दिसत्यात? मी संसार केला का तू?”

सरपंच पुढं सरकले आणि त्यांनी फ्रेमच्या कोपऱ्याला हात घातला. म्हातारीनं पकड सोडली नाही, त्यांच्याकडं बघितलंही नाही. ती सरळ समोर बघत होती, म्हणजे माझ्याकडं.

इतका वेळ माझ्या गळ्यात कॅमेरा नुसता लोंबकळत होता. सकाळपासून एकही फोटो मी काढला नव्हता, कुठल्याच अर्थानं. काम गेलं होतं. डोळ्यासमोर तळहातावरची नवरी नाचत होती. रोल भरून ठेवलेले, ते तरी कशाला परत न्यायचे, अशा चिडीनं मी कॅमेरा उचलला आणि खटकन बटण दाबलं. मग वळलो आणि दिसेल त्याला झोडपत सुटलो. समोरच्या ओट्यावर एक जण मांडीवर तीन आजे घेऊन बसला होता, त्याला घेतला. दोघी जावा एकाच सासऱ्याची दोन टोकं धरून उभ्या होत्या, त्यांना घेतलं. रिकाम्या भिंती घेतल्या, खिळे घेतले, हात बांधलेला कोतवाल घेतला. रोल संपले तेव्हा माझा राग संपला, उजेडही.

फ्रेमचा निकाल सबनीसबाईंनी दिला. त्यांना निघायची घाई होती. “ज्या बाईनं नवऱ्यासोबत संसार केला ती चुकेल कशी? फोटो त्यांचाच.” सरपंच किडकिडीत चुलता काखेत मारून, पाय आपटत गेले.

म्हातारीला खिळ्यापर्यंत हात पोचेना. जीप सुरू होऊन हॉर्न वाजवत होती, तरी मी आत गेलो आणि फोटो टांगला.

“सरळ बसला का रं बाबा?”

“बसला.”

“बसंलच. ह्यो सरळच हुता.” ती खाली बसून वर बघत राहिली. “आमचा त्यो कधीच सरळ न्हवता.”

मी स्टुलावरून उतरलो. “म्हणजे? तुमचे मालक...”

“सरपंचानं नेलं.”

“आणि हा?”

“ह्यो ग्यानबाच की. मला त्याच्या घरनं मागणी आली हुती. बा न्हाई म्हनला. म्हनला पैलवान गडी, नुसता खाईल.”

“आणि मालक खात नव्हते?”

“त्यो पीत हुता.”

बाहेर हॉर्न वाजतच होता. तिनं पदरानं काच पुसली. काच आधीच राखुंडीनं घासलेली होती.

“आयुष्यभर त्याच्याकडं बघून भाकरी खाल्ली,” ती म्हणाली. “आता थोडी राहिलीय ती ह्याच्याकडं बघून खाते. तू कुणाला बोलू नगं. त्यो बी तिकडं पैलवानाच्या घरी गेलाय, चांगलंच हाय. कुणीतरी दाबात ठिवील.”

परतीच्या वाटेवर सबनीसबाई एक शब्द बोलल्या नाहीत. मीही नाही. बोललेलं समोरच्याला कळतं यावरचा माझा विश्वास उडाला होता.

पंधरा दिवसांनी रोल धुऊन मी प्रिंट त्यांच्या टेबलावर ठेवले. माफी मागून ॲडव्हान्स परत करायचा, एवढ्यासाठीच गेलो होतो. बाईंनी एकेक प्रिंट बघितला. अनसाबाईचा फोटो त्यांनी खिडकीपाशी नेला.

“खांबेटे, हे तुम्ही मुद्दाम केलंत?”

“काय?”

“भिंती रिकाम्या करवून घेतल्यात. स्मृती भिंतीवरून उतरवून माणसांच्या हातात दिलीत. आणि मी मूर्खासारखी चहा पीत बसले होते.”

“बाई, चूक झाली हो. तुम्ही तिथंच होतात. ‘काढायचेत’मुळं...”

“विनय पुरे,” बाई म्हणाल्या.

‘रिकामे चौकोन’ पुस्तक निघालं. त्याला बाईंची चाळीस पानांची प्रस्तावना होती, ती मी अजून पूर्ण वाचलेली नाही. लग्नाचे फोटो सुटले. प्रदर्शनं झाली, बक्षिसं आली, परदेशात दोनदा जाऊन आलो. अनसाबाईचा फोटो मुखपृष्ठावर होता. त्यात डावीकडून एक हात येऊन फ्रेमचा कोपरा धरतो, त्याला कुणी काळाचा हात म्हणालं, कुणी इतिहासाचा. एका पाहुण्यांनी तो मृत्यूचा असल्याचं अर्धा तास सांगितलं. मी सांगायचो की तो बोरजाईवाडीच्या सरपंचांचा हात आहे. लोक हसायचे आणि म्हणायचे, मोठी माणसं आपल्या कामाबद्दल अशीच बोलतात. ‘काढायचेत’चा किस्सा तर मी इतक्यांदा सांगितला की शेवटी एकानं त्यावर भाषेच्या अंगानं निबंध लिहिला आणि मला वाचायला पाठवला.

म्हातारीचं मात्र मी कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तरी विनयातच धरलं असतं.

सरपंचांनी पुढं चुलत्याच्या नावानं कुस्त्यांचं मैदान सुरू केलं. मला पाहुणा म्हणून बोलावलं. मैदानावर बैलगाडीएवढा फलक होता, ‘मल्लसम्राट कै. ग्यानबा कोळेकर’, आणि त्यावर किडकिडीत गडी भुवया वर करून चार वाजून वीस मिनिटांनी सगळ्यांकडं बघत होता. मी हार घातला. शेजारी उभे असलेले सरपंच हळूच म्हणाले, “काटक हुतं. जुन्या लोकांचं बळ अंगावर दिसत न्हाई.”

अनसाबाई त्याच्या पुढच्या साली गेली. तिची भाची घर बघते. मी काढलेला मुखपृष्ठावरचा फोटो तिनं फ्रेम करून ग्यानबाशेजारी लावलाय. पांढरा चौकोन एकच होता, दुसरा खिळा तिनं नवा ठोकला.

यंदा त्या कामाला तीस वर्षं झाली म्हणून पुण्यात एका कलादालनानं सगळे फोटो पुन्हा मांडले. उद्घाटनाला सबनीसबाई, आता व्हीलचेअरवर. आदल्या दिवशी मी स्वतः उभं राहून फोटो लावून घेतले, लेव्हल लावून, एकही तिरका नाही. सकाळी वाटेत मला आठवलं की कॅटलॉगसाठी दालनाचे चांगले फोटो हवेत आणि पाहुणे आले की गर्दीत जमणार नाही. मी व्यवस्थापकाला फोन केला. पोरगा हुशार आहे, एकदा सांगितलं की ऐकतो. म्हटलं, “पाहुणे यायच्या आत सगळे फोटो काढून घ्या. एकही राहता कामा नये.”

उद्घाटन वेळेवर झालं. सबनीसबाईंची खुर्ची एकेका खिळ्यासमोर थांबवत पूर्ण दालनभर फिरवण्यात आली. शेवटच्या खिळ्यापाशी त्यांनी माझा हात धरला आणि म्हणाल्या, “खांबेटे, तुम्ही मूळ कामाच्याही पुढं गेलात.” फोटो मागच्या खोलीत होते. खोलीची किल्ली शिपायाच्या खिशात होती, आणि शिपाई जेवायला गेला होता.